परतसांग मामा

आमच्या मामाला कुणी नुसतं ‘हो’ म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. सांगितलेलं काम हा माणूस करणार नाही, अशी त्याची तिथल्या तिथे खात्री व्हायची. ‘हो म्हणजे काय?’ तो विचारायचा. ‘हो म्हणजे आता मला सोडा. मी काय सांगितलं ते परत सांग.’ समोरच्याने शब्दाला शब्द परत सांगितला की मग मान हलवायचा, आणि तरी जाता जाता एकदा वळून बघायचा. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर होतं. बाकी सगळ्या सातपाटीत तो परतसांग मामाच होता, ज्यांचा तो मामा नव्हता त्यांचासुद्धा.

बोईसरला आमच्याकडे यायचा तेव्हा स्टेशनवरून रिक्षा करायचा. एकदा रिक्षावाला नवा होता, गावाकडून नुकताच आलेला. मामाने पत्ता सांगितला, त्याने ‘हां अंकल’ म्हणून रिक्षा सुरू केली. मामा चढेचना. ‘भैया, क्या बोला मैंने?’ रिक्षावाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला विसरायला होतंय. त्याने मायेने विचारलं, ‘याद नहीं आ रहा क्या अंकल, किधर जाना है?’ मामा रस्त्यावर उभाच. मागे चार रिक्षा हॉर्न वाजवायला लागल्या, तेव्हा कुठे त्या बिचाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याने नवापूर नाका, पाण्याची टाकी, टाकीमागची गल्ली असं सगळं म्हणून दाखवलं. घरी येऊन मामा आईला म्हणाला, ‘पोरगा चांगला हाय. पन टाकी त्याने दोनदा सांगितली. दोनदा कशाला सांगितली असंल?’ त्या टाकीवर तो चहा संपेपर्यंत विचार करत होता.

हा स्वभाव लोकांना तऱ्हेवाईकपणा वाटायचा. मलाही वाटायचा, पुष्कळ वर्षं. पण मामा विमानतळावर कंट्रोलर होता. रडारच्या अंधाऱ्या खोलीत बसून आकाशातल्या विमानांना रेडिओवरून वाट सांगायची, कुणी किती उंचीवर यायचं, कुठे वळायचं, हे त्याचं काम. तिथे पायलटने सूचना ऐकली की ती जशीच्या तशी परत म्हणायची असते, आणि त्याने बरोबर म्हटली का हे कंट्रोलरने कान देऊन ऐकायचं असतं. ‘पहिलं सगळे करतात,’ मामा म्हणायचा. ‘दुसरं करताना मानूस पुढच्या विमानाचा विचार करत असतो. मरण तिथंच बसलेलं हाय.’ चार दिवस ड्युटी आणि क्वार्टर, मग दोन दिवस सातपाटी, असं त्याने आयुष्य काढलं. फक्त सातपाटीला येताना तो कान खोलीत ठेवून यायचा नाही, एवढीच आमची तक्रार.

मामीने गॅस बंद केला म्हणून सांगितलं तरी तो उठून बटणाला हात लावून यायचा. मामी चिडायची. इतकी वर्षं संसार करून माझ्यावर भरवसा नाही का, म्हणायची. मामा शांतपणे म्हणायचा, ‘तुज्यावर हाय. तुज्या हातावर नाय. हात सवयीने फिरतो, आन् तोंड हाताचं ऐकून बोलतं.’ भाताच्या पातेल्याचं झाकण उचलून किती उरलाय ते बघून तो घरात कोण खरोखर जेवलंय हे ठरवायचा. वैद्यबुवांपासून वायरमनपर्यंत सगळ्यांवर त्याचा सारखाच संशय. भेदभाव म्हणून नाही.

नोकरीने त्याला असा केला असं मी समजत होते. आईने एकदा वेगळंच सांगितलं. आजोबांची होडी होती. मामा शाळेत होता तेव्हा एका सकाळी दाट धुक्यात आजोबा जाळ्यावर उभे होते आणि उत्तरेकडून मोठं मालवाहू जहाज येत होतं. होडीवरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. कंदील हलवावा, थाळी वाजवावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण एवढं मोठं जहाज, वर एवढी माणसं, कुणीतरी बघत असेलच. जहाज जाळं फाडून, होडीला उलटी करून निघून गेलं. ते थांबलंही नाही, कारण त्याला काही लागलंय हे त्याला कळलंच नव्हतं. आजोबा दोघांना घेऊन पोहत आले. तिसरा आला नाही. तो मामाचा काका होता. ‘तेवापास्नं हा असा हाय,’ आई म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी मामा ओट्यावर बसून वर बघायचा. आमच्या डोक्यावरून मोठी विमानं एकामागोमाग एक उतरायला जातात. त्यांच्या खालून किनाऱ्याच्या कडेने लहान विमानं आणि हेलिकॉप्टरं जातात. त्यात तारापूरच्या अणुशक्ती केंद्रावरून कुणालाच उडायची परवानगी नाही, म्हणजे त्या बाजूची वाट बंद. उरलेल्या हवेत सगळ्यांनी मावायचं. मी लहानपणी म्हणायचे, मामा, एवढं मोठं आभाळ आहे. तो म्हणायचा, ‘आभाळ मोठं हाय, रस्ता नाय. सगळ्यांना एकाच दारातनं घरी जायचं हाय.’ मग एखादं लहानसं विमान किनाऱ्याने गुणगुणत गेलं की तो ओट्यावरून उठून उभा राहायचा. आपल्याला काही करता येणार नाही हे माहीत असूनही ते दिसेनासं होईपर्यंत उभाच. ‘मोठ्याला लहान दिसत नाय. आन् लहानाला वाटतं, मोठ्याने आपल्याला बघितलं.’

अशा माणसाची भाची पायलट झाली, तीही लहान विमानाची. घरात सगळ्यांनी पेढे वाटले. मामाने माझं लायसन्स हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं, फोटो माझ्याच चेहऱ्याशी ताडून पाहिला आणि म्हणाला, ‘उंचीचं घड्याळ खोटं बोलतं, म्हाईत हाय ना?’ मी म्हटलं, हो. लगेच जीभ चावली. मग ओट्यावर बसून मला सगळं परत सांगावं लागलं. हवेचा दाब बदलला की ते घड्याळ कसं चुकतं, उडण्याआधी आणि उडताना ते दाबाशी कसं जुळवून घ्यायचं, न जुळवता उडणारा स्वतःला कुठे समजतो आणि असतो कुठे. माझ्या परीक्षेतही एवढं विचारलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, ‘तुजं विमान आन् वरचं मोठं विमान, यांच्यात हजार फुटाची फट असते. तेवढीच आपली इस्टेट. त्यातलं कुनाला काय द्यायचं नाय.’

एका सर्वेक्षण कंपनीत मला काम मिळालं. किनाऱ्याची मोजणी करायची, केळव्यापासून वर. विमानाच्या पोटाला कॅमेरा, मागे मोजणीचा माणूस, आणि मी नांगरणी केल्यासारखी सरळ पट्ट्यांत मागेपुढे उडणार. नारळी-पोफळीच्या बागा वरून एकसारख्या हिरव्या दिसतात, त्यात मामाचं घर मला कधी सापडलं नाही. रेडिओवर मात्र मामा सापडला. पहिल्यांदा त्याचा आवाज कानात आला तेव्हा मी हसले. त्याने माझ्या विमानाची ओळखीची अक्षरं घेतली, उंची सांगितली, मी परत म्हटली, आणि त्याने ‘बरोबर’ म्हटलं, परक्याला म्हणतात तसं. पण त्या दिवशी मला फार सुरक्षित वाटलं होतं. इथेच चुकलं.

तो दिवस साधाच होता. मी चार हजार फुटांवर पट्ट्या मारत होते. वरून एक प्रवासी विमान उतरायला येत होतं, म्हणून मामाने मला तीन हजारांवर उतरायला सांगितलं. मी परत म्हटलं आणि उतरायला लागले. साडेतीन हजारांवर आले तेव्हा मागून मोजणीवाला म्हणाला, ‘मॅडम, शेवटचा तुकडा राहिलाय, इथेच जरा सरळ धरा, मिनिटभर. नाहीतर उद्या परत यावं लागेल.’ मी धरलं. आणि नेमकं तेव्हा मामाने विचारलं, तीन हजारांवर पोहोचलीस का?

आता आमच्याकडची एक रीत सांगते. मामाच्या घरी उशिरा गेलं आणि ‘जेवलीस का?’ असं विचारलं, की आपण ‘हो’ म्हणतो. जेवलेलो नसलो तरी. कारण नाही म्हटलं तर मामी उठणार, गॅस पेटणार, कुणीतरी पापलेट आणायला धावणार. मोठ्या माणसाला आपल्यापायी उठायला लावू नये, म्हणून हो. आमच्यात याला खोटं कुणी म्हणत नाही. बाकीच्यांनी हो म्हटलं तर मामा पातेल्याचं झाकण उघडायचा. मी म्हटलं तर उघडायचा नाही. मी नुसती हसायचे आणि उपाशी झोपायचे.

त्या दिवशी कानात मामाचा आवाज होता, आणि अजून उतरले नाही म्हटलं तर का नाही उतरलीस हे आलं असतं. सगळ्या आकाशाने ऐकलं असतं की याची भाची सांगितलेलं करत नाही. मी म्हटलं, हो, तीन हजार. इंग्रजीतून म्हटलं, पण ते तेच ‘हो’ होतं. एका मिनिटात ते खरं होणारच आहे, असं मला वाटलं.

मामाच्या पडद्यावर माझ्या ठिपक्याशेजारी उंचीचा आकडा होता. तो साडेतीन हजार दाखवत होता. हा आकडा काही सेकंद मागे राहतो हे खरं आहे. पण माझ्या जागी दुसरा कुणी असता तर मामाने तोच आकडा धरून त्याला तीनदा विचारलं असतं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्याने आकड्यावर संशय घेतला आणि माणसावर विश्वास ठेवला. त्याने प्रवासी विमानाला चार हजारांपर्यंत खाली घेतलं.

मला आधी सावली दिसली. कॉकपिटमध्ये उजेड कमी झाला, मी वर पाहिलं, आणि ढगातून त्याचं पांढरं पोट खाली आलं. इतकं जवळ की पोटावरची चाकांची झाकणं दिसत होती. मोठ्या विमानांत धोक्याची सूचना देणारं यंत्र असतं. ते ओरडलं असणार, कारण ते पोट एकदम वर ओढलं गेलं आणि आमचं विमान त्याच्या वाऱ्याने पत्र्याच्या डब्यासारखं खडखडलं. मागे मोजणीवाला देवाचं नाव घेत होता. कुणाला खरचटलंही नाही. रेडिओवर मामाचा आवाज तसाच सपाट होता. त्याने त्या विमानाला आणि मला वेगळ्या वाटेला लावलं, आमच्या दोघांकडून परत म्हणवून घेतलं, आणि मग माइकवर दुसरंच कुणी आलं.

उतरल्यावर मोजणीवाला पाणी प्यायला आणि त्याने मला वाट दाखवली. ‘मॅडम, विमान जुनं आहे. उंचीचं घड्याळ चुकलं म्हणा. कोण बघायला आलंय?’ खरंच कुणी आलं नसतं. मी खोटं बोलले हे माझ्याशिवाय आणि त्याच्याशिवाय कुणालाही सिद्ध करता आलं नसतं. माझं लायसन्स, नोकरी, सात वर्षांची मेहनत, सगळं त्या एका वाक्यावर सुटत होतं. घड्याळ खोटं बोलतं हे तर मामानेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सातपाटीला गेले. मामा ओट्यावर होता. पुढ्यात गल्लीभर बोंबील वाळत घातले होते आणि तो कावळे हाकत होता. मला वाटलं, विचारेल. त्याने काहीच विचारलं नाही. मग म्हणाला, ‘चौकशीच्या कागदावर मी माजं लिवलं. पडद्यावर आकडा दिसत होता, तरी मी मोठं विमान खाली घेतलं. एवढंच लिवलं. तुजं मी काय लिवलं नाय.’

मी म्हटलं, ‘मग माझं कोण लिहिणार?’

‘तुजं तूच लिव. काय लिवायचं ते मी सांगनार नाय. आन् काय लिवलंस ते मला दाखवायचं नाय.’

मी त्याच्याशेजारी बसून रडले. तो कावळे हाकत राहिला. संध्याकाळी बोईसरला परत येऊन मी सगळं खरं लिहिलं, मोजणीवाल्याच्या विनवणीसकट आणि माझ्या ‘हो’सकट. का लिहिलं याचं मोठं कारण माझ्याकडे नाही. मामाने स्वतःचा गुन्हा लिहिला होता आणि त्यात मला ओढलं नव्हतं, ते मला सहन होईना.

चौकशी झाली. मला काही महिने जमिनीवर बसवलं, पुन्हा शिकवलं, पुन्हा तपासलं. मामालाही माइकपासून दूर ठेवलं होतं, मग परत घेतलं. नातेवाइकांत कुजबुज झाली. भाचीने मामाला गोत्यात आणलं, असं अर्ध्यांचं मत, आणि मामाने भाचीला वाचवलं नाही, असं उरलेल्यांचं. मी सगळ्यांवर संशय घ्यायला शिकले. उडण्याआधी पेट्रोलच्या टाकीत काठी घालून बघायची, काटा काय म्हणतो ते नंतर. माझ्या मेकॅनिकने मला जे नाव ठेवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी पुन्हा उडायला लागले आणि पहिल्याच दिवशी कानात मामाचा आवाज आला. दुसऱ्या कुठल्यातरी विमानाशी बोलत होता. मी माझी अक्षरं सांगितली. दोन सेकंद शांतता, आणि मग एका बाईचा आवाज आला. तिनेच मला पुढे नेलं. मी त्याच्या भागातून बाहेर पडल्यावर पुन्हा मामाचा आवाज सुरू झाला. मला वाटलं योगायोग असेल. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. मी आले की मामा गप्प आणि ती बाई. मी वेगवेगळ्या वेळांना उडून पाहिलं. एकदा तर दुसऱ्या पायलटचं विमान आधी आणि माझं लगेच मागे असं जुळवून आणलं, म्हणजे मामा त्याच्याशी बोलता बोलता माझ्या तावडीत सापडेल. तरी माझी अक्षरं ऐकली आणि त्याचा आवाज थांबला.

मग मला कळलं, म्हणजे मी तसं समजले. त्याला माझा शब्द नको होता. माझं ‘हो’ त्याने एकदा खरं मानलं आणि त्याचं तोंड पोळलं. आता तो मला ऐकूनही घेत नव्हता. घरी तो पूर्वीसारखाच वागायचा, पापलेट आग्रहाने वाढायचा. त्यामुळे माझा संशय आणखी वाढायचा. मनात एक आणि ताटात एक, असं मला वाटायचं. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, याचीच भीती होती. मी सातपाटीला जाणं कमी केलं, मग बंद केलं. तो रिटायर झाला त्या समारंभालाही गेले नाही.

दोन वर्षांनी मामा गेला. दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या गेला. दहाव्याला समुद्रावरून आम्ही घरी आलो तेव्हा एक बाई मामीजवळ बसली होती. तिने मामीला काहीतरी विचारलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. तो आवाज मी ओळखला. माझ्याशी बोलणारी ती हीच.

‘तुम्ही सरांची भाची ना?’ ती उठून माझ्याकडे आली. ‘बारा वर्षं सरांच्या शेजारच्या खुर्चीवर होते मी. तुमचं विमान आलं की सर हेडफोन काढून मला खूण करायचे.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं. ‘माझ्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता.’

‘असं कुणी सांगितलं तुम्हाला? मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं त्यांना, सर का उठलात. तर म्हणाले, तिच्यावर मला संशय घेता येत नाय. त्या दिवशी आला नाय, अजूनपन येत नाय. ज्याच्यावर संशय घेता येत नाय त्याचं विमान आपन बघायचं नाय, दुसऱ्याला द्यायचं. मग दारापाशी जाऊन उभे राहायचे. तुम्ही पार झालात असं मी सांगितल्यावरच येऊन बसायचे.’

मामी आतून चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला आणि तो तसाच धरून बसले. त्या दोन वर्षांत मामाचे मला तीन फोन आले होते. येऊन जा बाय, म्हणून. तिन्ही वेळा मी ड्युटीवर आहे, उडायला निघालेय, असं सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी मी बोईसरच्या घरात खिडकीशी बसले होते आणि बाहेर असा पाऊस होता की कुणी लहान विमान शेडमधून बाहेरही काढलं नसतं. सातपाटीलाही तोच पाऊस पडत असणार, ओट्यावर तोच आवाज येत असणार. आयुष्यभर ज्याने आकाश बघितलं तो माणूस फोनवर जरा थांबला आणि म्हणाला, ‘बरं बाय. सांभाळून उड.’